पर्सनल ट्रेनरचे पैसे नेमके कशाचे?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेट गेलं आणि भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग लिहून देतेय. बोलता बोलता जिथे भरकटले होते तिथे कात्री लावलीये, बाकी सगळं तसंच आहे.

गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "जिमची फी भरलीये. आता वरून पर्सनल ट्रेनरचेही पैसे भरायचे का? यूट्यूबवर तर सगळं फुकट आहे!"

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काही महिन्यांसाठी हो, कायमचं नाही. आणि ट्रेनर चांगला असेल तरच. आता हे तिन्ही तुकडे नीट उलगडून सांगते.

आणि हो, मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. मी तुमच्यासारखीच. बी.टेक. केलं, सॉफ्टवेअर कंपनीत लागले, आणि आता दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. त्यामुळे इथे जे आहे ते माझा अनुभव आणि वाचून, विचारून समजून घेतलेल्या गोष्टी.

रिपोर्टमधला ६.१

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीए१सी ६.१ आला. मी तेव्हा २७ वर्षांची होते. हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी हिशोब. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ आणि त्यापुढे डायबेटिस. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते, आणि तोंड आतल्या बाजूला होतं.

यात नवल काही नाही म्हणा. आयसीएमआरचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिसमध्ये आहेत. पण माझ्यासाठी हा कोटींचा आकडा नव्हता. माझ्या आजीची एका डोळ्याची नजर साखरेने गेली. आई पन्नाशीच्या आतच इन्सुलिनवर गेली. आमच्या फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी इन्सुलिनचं पेन असतं. तो रिपोर्ट बघून मला पहिल्यांदा वाटलं की तिथे आपलंही पेन ठेवायला जागा करावी लागणार.

आणि गंमत बघा, मी तेव्हा जिमला जात होते! एक-दोन आठवडे नाही, चौदा महिने. रोज चाळीस मिनिटं ट्रेडमिल, दहा मिनिटं सायकल, मग आरशासमोर दोन-दोन किलोचे डंबेल हलवायचे आणि घरी. वजनांच्या रॅककडे जायची हिंमतच नव्हती. तिकडे सगळी मुलं, मोठमोठ्याने हुंकार, आणि मी गेले की सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं.

ट्रेडमिल वाईट नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम हवा. तो मी करत होते. पण त्याच शिफारशीत पुढचं एक वाक्य आहे, जे आपण सगळे सोयीस्करपणे विसरतो: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. तो माझा शून्य होता.

साखरेच्या बाबतीत हे का महत्त्वाचं? जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या मदतीने सगळ्यात जास्त कुठे जाते, तर स्नायूंमध्ये. स्नायू म्हणजे साखरेचं कोठार समजा. आणि स्नायू जोर लावून काम करतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढतात. माझं कोठारच लहान होतं, आणि ते वाढवायचं काम मी चौदा महिने टाळलं होतं.

आधी फसलेला प्रयत्न

रिपोर्टनंतर मी घाईघाईत माझ्याच जिममधला एक ट्रेनर लावला. जिमचं नाव घेत नाही, कारण अशा जिम गल्लोगल्ली आहेत.

पहिल्या दिवशी त्याने मला काहीही विचारलं नाही. थेट शंभर जंप स्क्वॉट, मग बर्पी, मग पुन्हा स्क्वॉट. मी मोजत होते आणि तो रील बघत होता. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसच्या पायऱ्या उतरता येईनात, तर म्हणाला, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय, मॅडम!" तिसऱ्या सेशनला त्याने प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला, आणि चौथ्याला "फॅट बर्नर". पाचव्याला मी गेलेच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. थोडं अंग दुखणं वेगळं आणि पहिल्याच दिवशी पिळून काढणं वेगळं. सवय नसलेल्या शरीराकडून एकदम अतिरेकी व्यायाम करून घेतला तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यातला ऐवज रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. जबर व्यायामानंतर अंग भयंकर दुखतंय, सुजलंय, आणि लघवीचा रंग कोलासारखा गडद झालाय, तर "होईल बरं" म्हणत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

मला तेव्हा वाटलं, झालं, पर्सनल ट्रेनर म्हणजे पैसे घेऊन मोजणारा माणूस. मोजायला तर फोनही पुरतो.

वस्तादाची नजर

हे मत बदललं ते सांगलीला आजोळी गेले तेव्हा. आजोबा तरुणपणी तालमीत जायचे. मी त्यांना सगळी रडकथा सांगितली, यूट्यूब बघून करते हेही सांगितलं. ते म्हणाले, "आरशात बघून कुस्ती येत न्हाई बाळ. वस्ताद लागतो."

मी विचारलं, वस्ताद काय वेगळं करतो? ते म्हणाले, वस्ताद बराच वेळ काहीच करत नाही. नुसता कट्ट्यावर बसून बघतो. कोणाचा कुठला पाय आधी उचलतो, कोण कुठल्या बाजूला कच्चा, कोणाला आज विश्रांती द्यायची. मग एक वाक्य बोलतो, आणि ते वाक्य फक्त त्या पोरासाठी असतं. शेजारच्याला तेच सांगितलं तर चुकेल.

माझ्या डोक्यात लगेच ऑफिस आलं. हे तर कोड रिव्ह्यू झालं! आपण लिहिलेला कोड आपल्याला कायम बरोबरच दिसतो. दहा वेळा वाचला तरी चूक दिसत नाही, आणि शेजारचा येऊन दहा सेकंदांत बोट ठेवतो. तो आपल्यापेक्षा हुशार असतोच असं नाही, तो फक्त बाहेरून बघत असतो. यूट्यूबवरचे व्हिडिओ म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते उत्तम असू शकतं. पण डॉक्युमेंटेशन तुमचा कोड वाचत नाही.

परत आल्यावर मी दुसरीकडे शोधलं आणि मला आमच्या ट्रेनरताई भेटल्या. आता त्यांच्याकडून जे मिळालं ते एकेक करून सांगते, कारण तेच "फायदे" आहेत.

एक: सुरुवात प्रश्नांपासून

पहिल्या सेशनला त्यांनी वजनाला हातच लावू दिला नाही. एक वही काढली आणि विचारायला लागल्या. घरात कोणाला साखर, बीपी, हार्टचा त्रास? कधी चक्कर, छातीत दुखणं? जुनी दुखापत? पाळी नियमित आहे का? झोप किती? रात्रीचं जेवण किती वाजता? ऑफिसमधून दमून आल्यावर तुम्ही नक्की किती दिवस येऊ शकाल, खरं सांगा?

मी म्हटलं, "सहा दिवस." त्या म्हणाल्या, "मी दोन लिहिते." आणि दोनच लिहिले. तीन महिन्यांत त्या दोनातले मी फक्त दोन दिवस चुकवले. सहा लिहिले असते तर तिसऱ्या आठवड्यात अपराधी वाटून सोडूनच दिलं असतं, हे मला आज कळतंय.

मग त्यांनी मला बघितलं. खुर्चीवर बसून उठायला लावलं, एका पायावर उभं केलं, हात डोक्यावर नेऊन वाकायला लावलं. निष्कर्ष असा: माझे घोटे आखडलेले होते, आणि खाली बसताना गुडघे आत वळत होते. चौदा महिने गुडघा का कुरकुरत होता त्याचा थोडा अंदाज आला.

दोन: चूक घडत असतानाच पकडणं

जमिनीवरून वस्तू उचलायची तर कंबरेच्या सांध्यातून वाकायचं, पाठ गोल करायची नाही, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. मला वाटायचं मी तेच करते. ताईंनी माझ्या पाठीवर एक लांब काठी धरायला लावली. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. वाकले, आणि दुसऱ्याच क्षणी काठी खालून सुटली. म्हणजे मला "सरळ" वाटणारी पाठ गोल होत होती.

शरीराची ही गंमत आहे. आतून जे जाणवतं आणि बाहेरून जे दिसतं त्यात फरक असतो, विशेषतः नवशिक्या माणसात. आरसा समोर असतो, बाजूने दिसत नाही, आणि बाजूला मान वळवून बघायला गेलात तर फॉर्मच बिघडतो. म्हणून त्या क्षणी बाहेरून कोणीतरी "थांबा, पुन्हा" म्हणणं याला किंमत आहे. काठीचा तो व्यायाम मी दोन आठवडे केला. कंटाळा आला, पण नंतर हातात वजन आलं तेव्हा पाठीला काही शिकवावं लागलं नाही.

तीन: पुरेसं जड

हा फायदा मला सगळ्यात अनपेक्षित होता. आपल्याला वाटतं ट्रेनर नसेल तर लोक जास्त वजन उचलून दुखापत करून घेतात. तशी मंडळी असतातच. पण उलटी चूकही तितकीच सामान्य आहे. खूप जण, आणि त्यातही आपण मुली, गरजेपेक्षा कितीतरी हलकं वजन घेऊन वर्षं काढतो.

एकदा मी १० किलोचं डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करत होते. दहाव्याला थांबले. ताईंनी विचारलं, "आणखी किती झाले असते?" मी म्हटलं, "दोन. फार तर तीन." त्या म्हणाल्या, "करा बघू, मी इथेच आहे." मी नऊ केले.

म्हणजे माझा अंदाज तिपटीने चुकला होता. "आणखी किती शिल्लक आहेत" हा साधा प्रश्न ट्रेनिंगमध्ये फार कामाचा आहे. सेट संपताना साधारण दोन-तीनच शिल्लक राहतील इतकं वजन असावं. दहा शिल्लक असतील तर तो सराव झाला, वाढीसाठी स्नायूला कारणच मिळालं नाही. आणि नवशिक्याला हा अंदाज येत नाही, तो कोणीतरी शिकवावा लागतो.

यावर अभ्यासही झालेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात थोडा अनुभव असलेल्या पुरुषांचे दोन गट केले. बारा आठवडे, दोघांना सारखाच कार्यक्रम. फरक एवढाच की एका गटासोबत प्रत्येक सेशनला ट्रेनर होता आणि दुसरा गट आपापला करत होता. ट्रेनरवाल्या गटाने वजनं भराभर वाढवली आणि शेवटी स्क्वॉट आणि बेंच प्रेसमध्ये त्यांची ताकद जास्त वाढली. कागदावरचा कार्यक्रम तोच होता बरं का! २००८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात स्त्रियांना व्यायामाचं वजन स्वतःच निवडायला सांगितलं होतं. ज्या ट्रेनरसोबत शिकल्या होत्या त्यांनी जास्त वजन निवडलं. ट्रेनर शेजारी नसतानाही टिकणारी ही गोष्ट आहे: आपल्याला काय झेपतं याचा अंदाज.

चार: वही

ताईंची वही साधी दोनशे पानी होती. प्रत्येक दिवसाची तारीख, व्यायाम, वजन, सेट, रेप्स, आणि शेवटी एक शब्द: "झोप कमी", "पाळी", "मस्त". बस.

ही वही का महत्त्वाची? थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म नावाचे एक डॉक्टर होते. जखमी सैनिकांचे पाय बरे करायला तेव्हा हलके व्यायाम भरपूर वेळा करून घ्यायची पद्धत होती. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी उलटं केलं: कमी वेळा, पण जड, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्यायचं. सैनिक लवकर सुधारायला लागले. त्यांनी १९४५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जिममध्ये जे "दहाचे तीन सेट" ऐकू येतात त्याचं मूळ त्यांच्या पद्धतीत आहे. हळूहळू भार वाढवत नेणं, यालाच आता प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात.

ताईंची पद्धत सोपी होती, तुम्हीही वापरू शकता. समजा ८ किलोने स्क्वॉट सुरू केले, आठचे तीन सेट. पुढच्या वेळी जमलं तर नऊ, मग दहा. तिन्ही सेटमध्ये बारा नीट झाले की वजन थोडं वाढवायचं आणि पुन्हा आठवर यायचं. पुन्हा शिडी चढायची. पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवायचा.

माझे चौदा महिने वाया का गेले, याचं उत्तर मला या वहीत मिळालं. पहिल्या दिवशी दोन किलोचे डंबेल, चौदाव्या महिन्यातही दोन किलोचेच. घाम येत होता, पण शरीराला बदलायचं कारण मी दिलंच नव्हतं. वहीत मात्र पाच महिन्यांत ८ किलोच्या डंबेलपासून ४० किलोच्या बारबेलपर्यंतची रेघ स्पष्ट दिसते.

पाच: कोणीतरी वाट बघतंय

हा फायदा सगळ्यांना माहीत असतो. मंगळवारी सकाळी सात वाजता एक माणूस तिथे उभा असणार, आणि न गेल्यास साडेसातशे रुपये बुडणार. पाऊस असला तरी पाय निघतो.

पण मी याला पाचव्या नंबरावर ठेवलंय ते मुद्दाम. नुसतं "मोटिव्हेशन" हवं असेल तर मैत्रीणही चालेल, आणि ती फुकट येते. ट्रेनरच्या जोरावरच आपण जात असू, तर तो सुटला की आपणही सुटणार. ताई म्हणायच्या, "माझ्यासाठी येऊ नका. मला तुमची सवय लावायची नाहीये."

सहा: "हे माझं काम नाही" म्हणणारी माणसं

माझं बघून आई म्हणाली, "मलाही ने की एकदा." मला आनंदच झाला. मी ताईंना सांगितलं, उद्यापासून आई येतेय.

त्यांनी सरळ नाही म्हटलं. आई इन्सुलिनवर आहे, बीपीची गोळी आहे, घरात डोळ्यांचा इतिहास आहे. "आधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. डोळ्यांची तपासणी झालेली हवी. मग बघू." मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की ताई किती बरोबर होत्या. डायबेटिसमुळे डोळ्यांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतील तर श्वास रोखून जोर लावणं धोक्याचं ठरू शकतं. आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. आईची तपासणी झाली, डोळे ठीक निघाले, डॉक्टरांनी व्यायामाआधी साखर किती असावी ते लिहून दिलं.

मग ताईंनी आईला घेतलं. प्रत्येक वेळी आधी ग्लुकोमीटर, आकडा वहीत, आणि शेजारी साखरेची पुडी. पहिल्या दिवशी एक चाचणी झाली: हात छातीशी धरून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं. ही चाचणी वयस्कर लोकांसाठी जगभर वापरतात. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांसाठी बारापेक्षा कमी आकडा सरासरीच्या खालचा धरतात. माझी आई चोपन्न वर्षांची. तिचे झाले नऊ.

मला तो नऊचा आकडा माझ्या ६.१ पेक्षा जास्त लागला. जी बाई चार माणसांचा स्वयंपाक उभ्याने करते, बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढते, तिच्या पायांत ताकद कमी असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग आठवलं, गेली दोन वर्षं ती सत्यनारायणाला खुर्चीवर बसत होती. आम्ही सगळे "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं.

मग ट्रेनर निवडायचा कसा?

माझ्या दोन अनुभवांवरून यादी केलीये. पैसे भरण्याआधी एक ट्रायल सेशन मागा आणि हे बघा:

- त्याने तुम्हाला आधी प्रश्न विचारले का? आजार, औषधं, दुखापत, झोप. न विचारता सुरू झाला तर तिथेच थांबा.
- तुमची नोंद ठेवतो का? वही, अ‍ॅप, एक्सेल, काहीही चालेल. "डोक्यात आहे" चालणार नाही.
- "हा व्यायाम का?" याचं उत्तर साध्या भाषेत देतो का?
- सेशनभर त्याचे डोळे कुठे असतात? तुमच्याकडे की फोनकडे?
- हात लावून फॉर्म सुधारायच्या आधी विचारतो का? मुलींनो, हे विचारणं अवघड वाटतं, पण तो तुमचा हक्क आहे. ताई बाई असूनही दर वेळी "हात लावू का?" म्हणायच्या.
- सर्टिफिकेट आहे का? एसीई, एसीएसएमसारख्या संस्थांचं असेल तर किमान अभ्यास झालाय एवढं कळतं. पण भिंतीवरच्या कागदापेक्षा पहिले चार मुद्दे जास्त बोलतात.
- तुम्हाला डबे, गोळ्या विकतो का? इंजेक्शनची भाषा निघाली तर त्याच दिवशी निरोप घ्या.
- "महिन्यात दहा किलो" असं वचन देतो का? चांगला ट्रेनर वचन देत नाही, सुरुवातीचा आकडा लिहून ठेवतो.

खर्चाचं काय?

मला बारा सेशनचे ९,००० पडले. आठवड्याला दोन, असे तीन महिने, म्हणजे २४ सेशनचे १८,०००. कमी नाहीत. मी त्या काळात फोन बदलणार होते, तो बदलला नाही.

पण त्यानंतर मी ट्रेनर सोडला. भांडून वगैरे नाही, ठरवूनच. शेवटच्या चार सेशनमध्ये ताईंनी मला काहीच सांगितलं नाही. मी वॉर्मअप ठरवायचा, वजन ठरवायचं, वही मी लिहायची, त्या नुसत्या बघायच्या. तेव्हा मला आजोबांचा कट्ट्यावरचा वस्ताद आठवला. आता मी दीड-दोन महिन्यांतून एखादं सेशन घेते. गाडी सर्व्हिसिंगला टाकतो तसं.

तेवढेही जमत नसतील तर दोघी-तिघींनी मिळून एक ट्रेनर घ्या. किंवा फक्त पहिल्या महिन्याची आठ सेशन घ्या आणि त्यांत पाचच हालचाली शिका: बसणं-उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि वजन हातात घेऊन चालणं. बाकीचं पुढे आयुष्य पडलंय.

आणि ट्रेनरकडून काय मिळणार नाही तेही सांगते. तो तुमच्या बदल्यात झोपणार नाही, रात्री साडेदहाला मागवलेली बिर्याणी परत पाठवणार नाही. माझा एचबीए१सी आठ महिन्यांनी ५.६ आला. पण त्याच काळात मी जेवण आठ वाजता आणलं, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायला लागले, झोप सुधारली. त्यामुळे श्रेय कोणाला किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कुठल्या बदलाने बग गेला ते कळत नाही, तसंच हे.

शेवटी

आईची चाचणी चार महिन्यांनी पुन्हा झाली. चौदा. इन्सुलिन चालूच आहे, पेन फ्रीजच्या दारातच आहे. मी काही चमत्कार सांगत नाहीये.

पण या श्रावणात घरी सत्यनारायण होता. काकूने सवयीने खुर्ची आणून ठेवली. आई म्हणाली, "राहू दे ती," आणि पाटावर बसली. पूजा, कथा, आरती, सव्वा तास. मी प्रसाद वाटता वाटता तिच्याकडेच बघत होते. आरतीला उठताना तिने एक पाय पुढे घेतला, थोडी झुकली आणि हात न टेकता उभी राहिली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र मनात मोजलं: एक.

तर मंडळी, आज एक काम करा. फोन बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि पाच स्क्वॉट मारा. मग तो व्हिडिओ बघा. तुम्हाला जे वाटत होतं आणि जे दिसतंय, यात फरक दिसला, तर ट्रेनरचे पैसे कशाचे असतात ते तुम्हाला कळलं. आणि घरी आई-बाबा असतील तर त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, हेही सहज बघा. शेजारी उभे राहा मात्र.

तुमचा आकडा किती आला ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि पाठ सरळ ठेवा!